चिचुंदऱ्या, विषारी
स्तनी वर्गातील सोरिसिडी या कुलात चिचुंदऱ्यांचा समावेश होतो. या कुलातील ज्या थोड्या प्राण्यांची लाळ विषारी असल्याचे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे, त्यांत उत्तर अमेरिकेतील ब्लॅरिना वंशाच्या आखूड शेपटीच्या चिचुंदऱ्या प्रमुख होत. स्तनी प्राण्यांत विष ही दुर्मिळ गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियातील बदकचोच्या नराच्या मागील पायावरील काटा, कॅरिबियन बेटांवरील सोलेनोडॉनचा दंश आणि आशियातील लाजवंतीचा चावा ही तिची इतर परिचित उदाहरणे होत. चिचुंदरीचा चावा विषारी असतो, ही समजूत यूरोपात दोन हजार वर्षांहून अधिक काळ प्रचलित होती. निसर्गविज्ञानाच्या उदयानंतर ती भाकडकथा ठरली आणि विसाव्या शतकात एका वेगळ्याच खंडातील प्राण्याच्या बाबतीत तिला प्रायोगिक आधार मिळाला. त्यामुळे या प्राण्यांच्या विषाचा इतिहास हा लोकसमजूत, तिचा अव्हेर आणि प्रत्यक्ष परीक्षा यांच्या परस्परसंबंधाचाही इतिहास आहे.

प्राण्याचे स्वरूप : ब्लॅरिना वंशातील सर्वांत मोठी व सर्वांत अधिक अभ्यासली गेलेली जाती ब्लॅरिना ब्रेव्हिकॉडा ही होय. कॅनडाचा दक्षिण भाग आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा ईशान्य व मध्य भाग येथे ती आढळते. तिची शेपटीसह एकूण लांबी सु. ११ ते १४ सेंमी. असून त्यांपैकी शेपटी केवळ २ ते ३ सेंमी. असते. वजन सामान्यतः १५ ते ३० ग्रॅ. भरते. अंगावरील केस आखूड, मखमलीसारखे व करड्या काळसर रंगाचे असतात. मुस्कट टोकदार, डोळे अगदी बारीक आणि कान केसांत दडलेले असतात. दातांची टोके गडद तांबूस असतात. हा रंग दंतवल्कातील लोहामुळे येतो. ओलसर जमीन, पालापाचोळा व गवत यांखाली ती बिळे करते व तेथेच गांडुळे, कीटक, गोगलगाई, लहान बेडूक व प्रसंगी उंदरांसारखे प्राणी पकडते. शरीर लहान आणि चयापचय जलद असल्यामुळे तिला दिवसरात्र थोड्या थोड्या वेळाने खावे लागते. फार वेळ उपाशी राहणे तिला मानवत नाही. तिच्या विषाचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

महाराष्ट्रातील घराघरांतून आढळणारी चिचुंदरी, सन्कस म्युरिनस, ही याच कुलातील असली तरी तिचे उपकुल वेगळे आहे. तिच्या दातांची टोके पांढरी असतात. तिच्या कुशीतील ग्रंथींतून येणारा उग्र दर्प सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु दर्प आणि विष या दोन भिन्न बाबी आहेत. घरगुती चिचुंदरीच्या लाळेत ब्लॅरिनासारखे विष असल्याचे सिद्ध झालेले नाही. पुढील विवेचन तिला लागू करू नये.

प्राचीन समजूत : चिचुंदरीच्या दंशाचा सर्वांत जुना महत्त्वाचा उल्लेख इ. स. पू. चौथ्या शतकातील ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यांच्या प्राण्यांविषयीच्या ग्रंथात मिळतो. घोडे व इतर ओढकामाची जनावरे यांना चिचुंदरीचा चावा अपायकारक असतो, त्यामुळे अंगावर फोड येतात आणि चावणारी मादी गाभण असल्यास ते फोड फुटतात, असे तेथे सांगितले आहे. रोमन ग्रंथकार थोरला प्लिनी (इ. स. २३–७९) यांनी आपल्या निसर्गविषयक विश्वकोशात इटलीतील चिचुंदरीचा चावा विषारी असल्याचे नमूद केले. दंशावर उतारा म्हणून खुद्द चिचुंदरीच जखमेला लावण्याचा उपायही त्यांनी दिला. लॅटिन भाषेत या प्राण्याला मुस आरानेउस, म्हणजे कोळी-उंदीर, असे नाव होते. कोळ्याप्रमाणे हाही प्राणी लहान व विषारी, अशी कल्पना या नावामागे होती. कार्ल लिनीअस यांनी १७५८ साली यूरोपातील सामान्य चिचुंदरीला सोरेक्स आरानेउस हे शास्त्रीय नाव दिले, तेव्हा या जुन्या कल्पनेची खूण आधुनिक नामपद्धतीत कायम झाली.

या उल्लेखांचे स्वरूप नीट पाहण्यासारखे आहे. त्यांत पशुपालकांचा अनुभव, ऐकीव माहिती आणि कल्पना यांची सरमिसळ आहे. जनावराच्या अंगावर अचानक आलेल्या सुजेचे किंवा फोडांचे कारण हवे होते. गोठ्याच्या आसपास वावरणारा, उग्र वासाचा आणि क्वचितच दृष्टीस पडणारा हा प्राणी त्या कारणाच्या जागी बसविला गेला. चिचुंदरी खरोखर चावली होती काय, आणि चावली असल्यास फोड त्यामुळेच आले काय, याची परीक्षा कोणी केल्याचे या ग्रंथांत दिसत नाही. पुढील ग्रंथकारांनी मागील ग्रंथकारांचा आधार घेतला आणि समजुतीला परंपरेचे बळ मिळत गेले.

इंग्लंडमधील परंपरा : एडवर्ड टॉप्सेल यांचा चतुष्पाद प्राण्यांवरील ग्रंथ लंडन येथे १६०७ साली प्रसिद्ध झाला. त्यात चिचुंदरीचे वर्णन हिंस्र, कपटी व प्राणघातक विष बाळगणारा प्राणी असे आहे. इंग्रजीत या प्राण्याचे नाव श्रू असे आहे. तोच शब्द मध्ययुगात दुष्ट माणसासाठी व पुढे विशेषेकरून कजाग स्त्रीसाठी वापरला जाऊ लागला. विल्यम शेक्सपिअर यांच्या द टेमिंग ऑफ द श्रू या नाटकाच्या नावातील श्रू तो हाच. वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी या नाटकाचे मराठी रूपांतर त्राटिका या नावाने केले, तेव्हा चिचुंदरीची जागा रामायणातील राक्षसीने घेतली. प्राण्याविषयीचा पूर्वग्रह माणसांच्या वर्णनात शिरल्याचे हे एक ठळक उदाहरण होय.

ही समजूत केवळ ग्रंथांत राहिली नाही. गिल्बर्ट व्हाइट यांच्या सेलबर्न गावाच्या निसर्गेतिहासात (१७८९) १७७६ सालच्या एका पत्रात तिचे प्रत्यक्ष आचरण वर्णिले आहे. चिचुंदरी गुराच्या अंगावरून नुसती धावत गेली, तरी त्याला वेदना होऊन त्याचा अवयव लुळा पडतो, असे गावकरी मानीत. त्यावर उपाय म्हणून ॲश वृक्षाच्या खोडात गिरमिटाने खोल भोक पाडून त्यात जिवंत चिचुंदरी कोंडीत आणि मंत्रोच्चारांसह भोक बुजवून टाकीत. अशा वृक्षाच्या डहाळ्या दुखऱ्या अवयवावरून फिरविल्या की जनावर बरे होते, अशी श्रद्धा होती. एकदा सिद्ध केलेला वृक्ष कायम गुणकारी मानला जाई. सेलबर्नच्या चर्चजवळ असा एक जुना वृक्ष होता आणि तेथील पूर्वीच्या धर्मोपदेशकाने तो नष्ट करविला, असे व्हाइट यांनी नोंदविले आहे. चाव्याविषयीची मूळ कल्पना येथे केवळ स्पर्शापर्यंत येऊन पोहोचली होती. परीक्षेविना पसरणाऱ्या समजुती मूळ निरीक्षणापासून किती दूर जाऊ शकतात, हे यावरून दिसते.

व्हाइट यांनी हा प्रकार अंधश्रद्धेचा मासला म्हणूनच सांगितला होता. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील निसर्गवैज्ञानिकांचा सर्वसाधारण कल तोच होता. चिचुंदरी हा शेतीला उपद्रवी कीटक खाणारा निरुपद्रवी प्राणी आहे व तिच्या विषाची गोष्ट अडाणीपणातून निघाली आहे, असे मत रूढ झाले. हे मत एका अर्थाने हितकर ठरले. एका लहान जिवाचा विनाकारण होणारा छळ थांबण्यास त्याने मदत केली. परंतु तर्काच्या दृष्टीने त्यात एक उणीव होती. जुन्या समजुतीमागे जशी परीक्षा नव्हती, तशी ती तिच्या अव्हेरामागेही नव्हती. चिचुंदरीच्या लाळ ग्रंथींचा विषाच्या दृष्टीने पद्धतशीर अभ्यास त्या काळी झालेला नव्हता. जादूटोण्याचा भाग खोटा होता, म्हणून चाव्याचा भागही खोटा असणारच, असे गृहीत धरले गेले.

अमेरिकेतील शोध : स्टीफन लाँग यांच्या नेतृत्वाखाली रॉकी पर्वताकडे निघालेल्या मोहिमेने १८१९–२० चा हिवाळा मिसूरी नदीकाठी आजच्या नेब्रॅस्का राज्यातील एंजिनियर कँटोनमेंट या तळावर काढला. मोहिमेतील प्राणिशास्त्रज्ञ थॉमस से यांनी तेथे मिळालेल्या चिचुंदरीचे वर्णन केले व आखूड शेपटीवरून तिला सोरेक्स ब्रेव्हिकॉडस हे नाव दिले. ते १८२३ साली एडविन जेम्स यांनी संकलित केलेल्या मोहिमेच्या वृत्तांतात प्रसिद्ध झाले. ब्लॅरिना हे वंशनाम ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३८ साली दिले. हा प्राणी अमेरिकेच्या पूर्व भागात विपुल असूनही त्याच्या चाव्यातील विशेष प्रथम वैज्ञानिक साहित्यात येण्यास आणखी अर्धे शतक जावे लागले.

मॅसॅचूसेट्समधील निसर्गवैज्ञानिक चार्ल्स जॉन्सन मेनार्ड यांनी १८८९ साली आपला स्वतःचा अनुभव एका छोट्या लेखात प्रसिद्ध केला. जिवंत चिचुंदरी हाताळताना ती त्यांच्या हाताला चावली. जखमा अगदी किरकोळ होत्या. तरीही प्रथम आग होऊ लागली, मग हात सुजला आणि कळा बाहूकडे चढू लागल्या. हात पूर्ववत होण्यास सु. एक आठवडा लागला. इतक्या लहान दातांच्या जखमेने असा परिणाम होणे शक्य नाही, तेव्हा लाळेत काहीतरी विषारी द्रव्य असावे, असा तर्क त्यातून निघत होता.

मेनार्ड यांचे निवेदन ॲरिस्टॉटल किंवा टॉप्सेल यांच्या कथनाहून गुणात्मक दृष्ट्या वेगळे होते. चावणारा प्राणी कोणत्या जातीचा, चावा कोठे, जखम किती आणि लक्षणे कोणत्या क्रमाने, हे सर्व त्यात होते. तथापि ही एकच घटना होती. जखमेत जंतूंचा शिरकाव झाल्यानेही सूज येऊ शकते. शिवाय जिला भाकडकथा म्हणून निकालात काढले होते त्याच गोष्टीचा हा पुनरुच्चार वाटत असल्याने, पुढील अर्धशतक या लेखाकडे एक कुतूहलाची नोंद म्हणूनच पाहिले गेले.

पिअर्सन यांचे प्रयोग : हा प्रश्न प्रयोगशाळेत नेण्याचे श्रेय ऑलिव्हर पिअर्सन (१९१५–२००३) यांच्याकडे जाते. हार्व्हर्ड विद्यापीठात असताना त्यांनी ब्लॅरिना ब्रेव्हिकॉडाच्या लाळ ग्रंथी वेगळ्या काढून त्यांचे अर्क तयार केले व ते उंदरांना टोचले. त्यांचे निष्कर्ष १९४२ साली जर्नल ऑफ मॅमॉलॉजी या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जबड्याखालील अधोहनू ग्रंथींचा अर्क टोचलेल्या उंदरांचा श्वास मंदावला, त्यांना झटके व पक्षाघात आला व ते मेले. कानाजवळील अनुकर्ण ग्रंथींच्या अर्काने मात्र असे काही झाले नाही. या तुलनेत प्रयोगाचे सामर्थ्य होते. दोन्ही ग्रंथी त्याच प्राण्याच्या, अर्क काढण्याची रीत तीच, टोचण्याची रीतही तीच आणि परिणाम मात्र भिन्न. त्यामुळे जंतुसंसर्ग, अर्क काढण्याच्या कृतीचे दोष किंवा टोचण्याचा आघात ही कारणे आपोआप बाद झाली. विष विशिष्ट ग्रंथीत असल्याचे निश्चित झाले.

विष जखमेत कसे उतरते, तेही शरीररचनेवरून स्पष्ट झाले. सापाच्या विषारी दाताप्रमाणे चिचुंदरीचे दात पोकळ नसतात. अधोहनू ग्रंथींच्या नलिका खालच्या जबड्यातील पुढे आलेल्या दोन लांब कृंतक दातांच्या बुडाजवळ उघडतात. या दोन दातांमधील खाचेतून लाळ पुढे वाहते आणि चिचुंदरी भक्ष्य चावत राहते तशी जखमेत मुरते. या रचनेमुळे विष एका क्षणात टोचले जात नाही. माणसाच्या जाड त्वचेवर पुष्कळदा परिणाम का होत नाही, हेही त्यावरून समजते. माणसाला होणारा उपद्रव वेदना व सूज यांपुरता मर्यादित असतो.

पिअर्सन यांच्यानंतर बार्बरा लॉरेन्स यांनी या विषाची सरीसृपांच्या विषांशी तुलना केली. सिडनी एलिस व ओटो क्रेयर यांनी १९५५ साली त्याच्या औषधिक्रियाशास्त्रीय गुणधर्मांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रक्तदाब उतरणे व श्वसन मंदावणे ही त्याची प्रमुख लक्षणे ठरली. शुद्ध स्वरूपातील विषद्रव्य हाती लागण्यास मात्र आणखी जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

विषाचा उपयोग : विष आहे हे ठरल्यावर ते कशासाठी, असा प्रश्न पुढे आला. एक मत असे, की स्वतःएवढ्या किंवा स्वतःहून मोठ्या उंदरासारख्या प्राण्यावर मात करण्यासाठी ते उपयोगी पडते. टॉमस टोमासी यांनी १९७८ साली या दृष्टीने विवेचन केले. दुसरे मत भक्ष्याच्या साठवणीशी संबंधित आहे. ब्लॅरिनाच्या बिळांत गोगलगाईंचे साठे आढळतात, हे फ्रँक्लिन शल यांच्या १९०७ सालच्या निबंधापासून ज्ञात होते. मार्टिन यांनी १९८१ साली दाखवून दिले, की या चिचुंदरीने चावलेल्या अळ्या मरत नाहीत, तर तीन ते पाच दिवस निश्चल अवस्थेत जिवंत राहतात. मेलेले भक्ष्य कुजते, परंतु निश्चल झालेले जिवंत भक्ष्य ताजे राहते. थोड्या थोड्या वेळाने खाणे ज्याला अपरिहार्य आहे, अशा प्राण्याला हिवाळ्यात किंवा टंचाईच्या काळात हा साठा जीवनदायी ठरतो. डॅनियल रॉबिन्सन व एडमंड ब्रोडी यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांतही, पकडलेल्या भक्ष्याचा फार मोठा भाग ही चिचुंदरी तत्काळ न खाता साठवून ठेवते, असे आढळले. ही दोन मते परस्परविरोधी नाहीत. एकच विष मोठ्या भक्ष्याला जेरीस आणण्यास व लहान भक्ष्य साठविण्यास उपयोगी पडू शकते. जुन्या ग्रंथकारांनी या विषाला दुष्टपणाचे साधन मानले होते. प्रत्यक्षात ते एका भुकेल्या प्राण्याचे उपजीविकेचे साधन आहे.

वर्गीकरणाचा प्रश्न : कोणते प्राणी विषारी, हे सांगण्यासाठी आधी कोणते प्राणी कोणत्या जातीचे हे ठरवावे लागते. क्लिंटन हार्ट मेरियम यांनी १८९५ साली या वंशाची पद्धतशीर पुनर्मांडणी केली. त्यात आज क्रिप्टोटिस या वेगळ्या वंशात गणल्या जाणाऱ्या चिचुंदऱ्याही ब्लॅरिनात समाविष्ट होत्या. पुढे विसाव्या शतकात आखूड शेपटीच्या बहुतेक चिचुंदऱ्या एकाच विस्तृत जातीत घालण्याकडे कल झाला. ह्यू जेनोवेज व जेरी चोट यांनी १९७२ साली नेब्रॅस्कातील नमुन्यांचे सांख्यिकीय विश्लेषण केले. मोठ्या व लहान आकाराचे दोन प्रकार तेथे शेजारी शेजारी राहूनही परस्परांत मिसळून जात नाहीत, असे त्यांना दिसले. त्यानंतर गुणसूत्रांच्या अभ्यासानेही जाती वेगळ्या असल्याचे मत बळावले. हल्ली ब्लॅरिना ब्रेव्हिकॉडा, आग्नेय भागातील ब्लॅरिना कॅरोलिनेन्सिस, मध्य मैदानी प्रदेशातील ब्लॅरिना हायलोफागा आणि फ्लॉरिडातील ब्लॅरिना पेनिन्सुली या जाती वेगळ्या मानतात. काही अभ्यासक फ्लॉरिडातीलच ब्लॅरिना शर्मानी हीही स्वतंत्र जाती समजतात. विषाचे बहुतेक सर्व प्रयोग ब्लॅरिना ब्रेव्हिकॉडावर झालेले आहेत. जवळच्या नात्यामुळे इतर जातीही विषारी असाव्यात असे अनुमान करतात. पण अनुमान व प्रयोगसिद्ध गोष्ट यांतील भेद येथेही पाळला पाहिजे.

विषाचे रसायन : जपानमधील मासाकी किता, दाइसुके उएमुरा व त्यांचे सहकारी यांनी २००४ साली अधोहनू ग्रंथींतील प्राणघातक द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. त्याला ब्लॅरिना टॉक्सिन असे नाव देण्यात आले. ते २५३ ॲमिनो अम्लांचे बनलेले व शर्करायुक्त प्रथिन असून त्याचा रेणुभार सु. ३५,००० आहे. ते कॅलिक्रीन गटातील प्रथिनभंजक एंझाइमांपैकी एक आहे. कॅलिक्रीन एंझाइमे सर्वसामान्य सस्तन प्राण्यांच्या शरीरातही असतात. ती रक्तातील किनिनोजेन या प्रथिनाचे खंडन करून किनिने मुक्त करतात. किनिनांमुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो, सूज येते व वेदना होतात. मेनार्ड यांनी १८८९ साली वर्णिलेली लक्षणे या क्रियेशी सुसंगत आहेत. ज्या निवेदनाला पुष्टी नसल्यामुळे बाजूला ठेवले गेले होते, त्याचे रासायनिक स्पष्टीकरण एकशे पंधरा वर्षांनी मिळाले.

त्याच गटाने २००५ साली याच ग्रंथींतून ब्लॅरिनासिन हे दुसरे कॅलिक्रीनसदृश एंझाइम वेगळे केले. त्याची रचना विषद्रव्याशी पुष्कळ मिळतीजुळती असूनही ते विषारी नाही. यावरून, शरीरातील नेहमीच्या एंझाइमात थोडेथोडे फेरबदल होऊन विष निर्माण होऊ शकते, असे दिसून येते. मेक्सिकोतील मणिसरड्याच्या विषातही कॅलिक्रीन गटातील एक प्राणघातक एंझाइम आहे. चिचुंदरी व हा सरडा यांच्या पूर्वजांत ते विष नव्हते. दोन्ही वंशांत एंझाइमाच्या क्रियाशील भागाजवळ सारख्या स्वरूपाचे बदल स्वतंत्रपणे घडले, असे याएल अमिनेत्झाख व सहकाऱ्यांनी २००९ साली दाखविले. अभिसारी क्रमविकासाचे हे एक उत्तम उदाहरण मानले जाते.

कॅनडातील माउंट ॲलिसन विद्यापीठाचे जॅक स्ट्यूअर्ट यांनी याच चिचुंदरीच्या लाळेतून सोरिसिडिन हे ५४ ॲमिनो अम्लांचे पेप्टाइड वेगळे केले. त्याच्या एका लहान अंशापासून तयार केलेल्या द्रव्याची कर्करोगाच्या वाढलेल्या अवस्थेतील रुग्णांवर पहिल्या टप्प्यातील चाचणी झाली व तिचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. अशा चाचणीत द्रव्याची सुरक्षितता व मात्रा प्रामुख्याने पाहिली जाते. तिच्यावरून गुणकारीपणा सिद्ध होत नाही. चिचुंदरीपासून कर्करोगावर औषध मिळाले, असे म्हणणे म्हणूनच अतिशयोक्तीचे ठरेल.

इतर विषारी कीटकभक्षक : अमेरिकेतील शोधानंतर यूरोपातील चिचुंदऱ्यांकडेही नव्याने लक्ष गेले. पोलंडमधील पुत्सेक यांनी १९५९ साली पाणचिचुंदरीच्या, म्हणजे निओमिस फोडिएन्सच्या, विषाचा प्रयोगप्राण्यांवरील परिणाम प्रसिद्ध केला. त्याच देशातील क्झिश्तोफ कोवाल्स्की व लेशेक रिख्लिक यांनी २०१७ व २०१८ मधील निबंधांत तिच्या विषाच्या बेडकाच्या हृदयावरील परिणामाचा व भक्ष्य पकडून साठविण्यातील त्याच्या उपयोगाचा अभ्यास मांडला. म्हणजे यूरोपातही विषारी चिचुंदरी आहे. परंतु ती ओढ्यानाल्यांच्या काठी राहणारी व पाण्यात शिकार करणारी आहे. गोठ्यातील जनावरांच्या फोडांशी तिचा संबंध जोडण्यास आधार नाही.

कॅरिबियन बेटांवरील सोलेनोडॉन हा चिचुंदऱ्यांचा दूरचा नातेवाईक आहे. त्याच्या खालच्या जबड्यातील दुसऱ्या कृंतक दातावर खोल पन्हळ असते व विष तीतून वाहते. त्याच्या जीनोमाचा २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की त्याच्या विषातही कॅलिक्रीन गटातील एंझाइमे आहेत व ती ब्लॅरिनाच्या विषापासून स्वतंत्रपणे उद्भवली आहेत. जीवाश्मांतही अशा खुणा सापडतात. ग्लोरिया क्वेंका-बेस्कोस व हुआन रोफेस यांनी २००७ साली बेरेमेंडिया या निर्वंश झालेल्या मोठ्या चिचुंदरीच्या खालच्या कृंतक दातावरील अरुंद खाचेचे वर्णन करून ती विषवाहक असल्याचे प्रतिपादन केले. मात्र जीवाश्म दातावरील प्रत्येक खाच विषवाहकच असते असे नाही, कारण विष नसलेल्या काही सस्तन प्राण्यांच्या दातांवरही खाचा असतात. कॅनडातील बिसोनाल्व्हिअस या सु. सहा कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याविषयी २००५ साली केलेल्या अशाच दाव्यावर या मुद्द्यावरून आक्षेप घेतले गेले.

ऐतिहासिक महत्त्व : या सर्व संशोधनामुळे प्राचीन ग्रंथकारांचे म्हणणे अखेर खरे ठरले, असे पुष्कळदा लिहिले जाते. हे विधान काळजीपूर्वक तपासावे लागते. ॲरिस्टॉटल, प्लिनी व टॉप्सेल यांना ब्लॅरिना माहीत असणे शक्य नव्हते. त्यांनी वर्णिलेले परिणाम घोडे व गुरे यांवरील होते. आज सिद्ध झालेले परिणाम मुख्यतः कीटक, बेडूक व उंदरांसारख्या लहान प्राण्यांवरील आहेत. ॲश वृक्षात कोंडलेल्या चिचुंदऱ्यांच्या छळाला या शोधाने कोणतेही समर्थन मिळत नाही. समजूत व सत्य यांत येथे साम्य आढळले आहे. समजुतीने सत्य शोधून काढले होते असे त्यावरून सिद्ध होत नाही.

उलटपक्षी, समजुतीचा अव्हेर करणाऱ्यांचीही बाजू पूर्ण निर्दोष नव्हती. खोट्या गोष्टींत गुंतलेले एखादे विधान खरे असू शकते, ही शक्यता त्यांनी मोकळी ठेवली नाही आणि त्यामुळे मेनार्ड यांच्या अचूक निवेदनाची दखल घेण्यास विलंब झाला. दोन हजार वर्षे चाललेला वाद दोन ग्रंथींच्या अर्कांची तुलना करणाऱ्या एका साध्या प्रयोगाने मिटला. लोकपरंपरेतील प्राणिविषयक समजुती सरसकट स्वीकारणे जितके अयोग्य, तितकेच त्या सरसकट फेटाळणेही अयोग्य असते. त्यांतील प्रत्येक विधान वेगळे काढून, कोणत्या प्राण्याविषयी व कोणत्या परिणामाविषयी ते आहे हे निश्चित करून, मगच त्याची परीक्षा करावी लागते. विषारी चिचुंदऱ्यांच्या अभ्यासाने ही पद्धती एका लहानशा, पण बोधप्रद उदाहरणाने स्पष्ट केली आहे.